जाळीमागचं कापड

हेडफोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय काय विचारतं, ते दुकानात जरा वेळ उभं राहून ऐकावं. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा? ओहम किती? वायर निघते का? बेस कसा आहे? किमतीचा प्रश्न शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा सुरुवातीलाही येऊन गेलेला असतो. खोक्यावरही हेच छापलेलं असतं. पण पाठीला जाळी असलेला, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन असेल तर त्याचा आवाज ज्या गोष्टीवर ठरतो तिचा खोक्यावर पत्ताच नसतो. ती असते ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, पाठीला चिकटवलेली कागदाची नाहीतर कापडाची एखादी चकती. एवढीशी, वजनाला फुंकरीने उडेल अशी. ती कोणती आहे असं विचारलंत तर विक्रेत्याला वाटेल, गिऱ्हाईक चेष्टा करतंय.

मला या चकत्यांचं वेड आहे. वेडच म्हणायला हवं, कारण हेडफोनच्या जगात लोक चुंबकाचं कौतुक करतात, पडद्याचं करतात, वायरीतल्या तांब्याचं तर इतकं करतात की तांबट आळीलाही लाज वाटावी. चिंध्यांचं कौतुक करणारे थोडे. माझं म्हणणं असं, की ओपन-बॅक हेडफोन चांगला की वाईट हे ठरतं ते त्या चिंध्यांवर. चुंबक आणि पडदा त्याला आवाज देतात. चिंध्या त्याला शिस्त लावतात.

उघडून बघायला सगळ्यात सभ्य हेडफोन म्हणजे सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ सालचा, पण अजूनही विकला जातो. बाहेरची जाळी बोटांनी ओढली की निघते, कानाची गादी ओढली की निघते. गादीखाली काळ्या फोमचा पातळ पापुद्रा. तो अलगद उचलला की प्लास्टिकच्या जाळीआड पडदा दिसतो: पारदर्शक, कडेने बारीक सुरकुत्यांची नक्षी, आणि मधल्या घुमटाभोवती तारेचं वेटोळं. प्रकाशाकडे धरला तर आरपार दिसेल इतका पातळ. आता मागून बघा. मधोमध चुंबक, आणि त्याच्या आजूबाजूला हवा जायला वाटा. त्या वाटा मोकळ्या नाहीत. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा विणीचं कापड त्यांच्यावर ताणून बसवलेलं आहे. याच घराण्यातल्या एचडी ६५० या २००३ सालच्या भावंडाबद्दल कंपनी मोठ्या अभिमानाने सांगते, की त्यातलं कापड खास बनवून घेतलेलं रेशीम आहे. जाहिरातीतल्या पुष्कळ गोष्टी मी सोडून देतो, पण ही सोडत नाही. हवा बाहेर जाणार असेल तर ती कशातून जाणार, हे त्यांनी निदान सांगितलं तरी.

पण मुळात तिला बाहेर जाऊ का द्यायचं?

पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पडदा एक, आवाज दोन. एक कानाकडे, एक पाठीकडे, आणि दोन्ही अगदी एकमेकांच्या उलट. दोघं आडवाटेने भेटले तर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आधी बळी जातो खर्जाचा. म्हणून जुन्या लोकांनी पाठीकडचा आवाज कोंडून टाकला. जर्मनीतल्या बायर कंपनीचा १९३७ सालचा डीटी ४८ बंद होता. मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ साली स्टिरिओ ऐकण्यासाठी आणलेला एसपी/३ हाही बंद. कानावर डबी बसवायची आणि बाहेरचं जग बाहेर ठेवायचं. खर्ज भरपूर. पण कोंडलेली हवा गप्प बसत नाही. एक तर ती स्प्रिंगचं काम करते: पडदा मागे आला की ती त्याला परत ढकलते, त्यामुळे पडद्याची स्वतःची कंपनसंख्या वर चढते. दुसरं म्हणजे पाठीकडचा आवाज डबीच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पडदा इतका पातळ की त्याच्यातून आरपार कानात शिरतो. मूळ आवाजापेक्षा जरासा उशिरा, जरासा बदललेला. बंद हेडफोनात गायक नळीतून गातोय असं कधीकधी वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

१९६८ साली हानोवरजवळच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला आणि पाठच मोकळी करून टाकली. पिवळ्या फोमच्या गाद्या, हलका सांगाडा, मागे भोकंच भोकं. जगातला पहिला ओपन हेडफोन म्हणून त्याचं नाव घेतात. रोध तब्बल २००० ओहम, म्हणजे आजच्या फोनला जोडला तर कुजबुजेल एवढंच. पण तो एक कोटीहून जास्त विकला गेला. लोकांना पहिल्यांदाच आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखा वाटला. खर्ज कमी होता, पण ऐकणाऱ्यांनी तो सौदा मान्य केला.

आपल्याकडे हा प्रकार आला तो दुसऱ्याच वाटेने. सोनीचा वॉकमन १९७९ साली निघाला. त्याच्याबरोबरचा हेडफोन याच कुळातला: पातळ पोलादी पट्टी आणि दोन टोकांना फोमच्या दोन टिकल्या. ऐंशीच्या दशकात रत्नागिरी-चिपळूणकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी मस्कतला नाहीतर दुबईला होतं, आणि सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात तो असायचा. अंगणात बसून एकाने ऐकायचं आणि भोवतीच्या पोरांनी त्या टिकल्यांतून बाहेर गळणारं गाणं ऐकायचं. आवाज गळणं हा या हेडफोनांचा दोष नव्हे, स्वभाव आहे. पाठीकडच्या आवाजाला वाट दिली म्हणजे तो शेजाऱ्याकडे जाणारच.

आता मुद्द्याची गोष्ट. पाठ मोकळी केली की कोंडलेल्या हवेची कटकट गेली खरी, पण पडद्याचा एक धरणाराही गेला. उरतं काय? पडद्याचं वजन आणि त्याच्या कडेच्या सुरकुत्यांचा ताण. वजन आणि ताण एकत्र आले की एक ठराविक कंपनसंख्या ठरून जाते. मोठ्या ओपन हेडफोनांत ती बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असते. तो सूर आला की पडदा नको इतका हलतो, आणि सूर थांबला तरी हलत राहतो. पखवाजाची थाप पडते, वादकाचा हात उचललेला असतो, आणि हेडफोन अजून घुमतच असतो. त्याला कोणीतरी थांबवायला हवं.

थांबवायचे उपाय दोन. एक विजेचा: चुंबकात तारेचं वेटोळं हललं की त्यात उलटी वीज तयार होते आणि तीच त्याला अडवते. पण त्यासाठी अॅम्प्लिफायरने साथ द्यावी लागते, आणि कित्येक हेडफोनांत हा ब्रेक एकटा पुरत नाही. एचडी ६०० चा रोध कागदावर ३०० ओहम आहे, पण १०० हर्ट्झजवळ तो ५०० च्याही वर जातो. तिथे पडदा सगळ्यात जास्त नाचतोय याचीच ती खूण. सपाट पडद्याच्या हेडफोनांत तर विजेचा ब्रेक जवळजवळ नसतोच. दुसरा उपाय हवेचा. पडद्याने ढकललेली हवा अशा जागेतून जायला लावायची की तिथे ती घासेल. घासली की तिची ताकद उष्णतेत जाते. किंचित, हाताला कधीच न जाणवणारी उष्णता. घुमणं थांबतं ते याने.

आणि इथेच कापड कसलं आहे हे महत्त्वाचं ठरतं. हवा चिकट असते, हे आपल्या लक्षात येत नाही. छिद्राच्या कडेला टेकलेली हवा हलत नाही; तिच्या शेजारची थोडी हलते, तिच्याही शेजारची आणखी थोडी. १०० हर्ट्झच्या आवाजाला हा घासणारा थर सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतो. १०,००० हर्ट्झला त्याचा दहावा हिस्सा. छिद्र याहून बरंच मोठं असलं तर मधली हवा एकसंध मागेपुढे सरकते. तिचं वजन जाणवतं, अडथळा फारसा नाही. छिद्र याहून बारीक असलं तर सगळीच हवा घासत जाते. म्हणजे एक मोठं भोक आणि हजार सूक्ष्म भोकं, एकूण मोकळी जागा तेवढीच, पण काम निराळं. मोठं भोक खर्जाला सूट देतं आणि घुमू देतं. सूक्ष्म भोकं त्याला लगाम घालतात. म्हणून चांगला कारागीर भोक किती मोठं हे विचारत थांबत नाही, त्या भोकावर काय बसवायचं हे विचारतो.

हा अडथळा मोजायचं एक एकक आहे, रेल. नाव लॉर्ड रॅलेंवरून. जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचं मूळ नाव. १८७२ साली संधिवाताच्या तापाने ते खंगले, हवापालटासाठी हिवाळाभर इजिप्तला गेले, आणि नाईलवरच्या नौकेत बसून त्यांनी ध्वनिशास्त्रावरचा आपला प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. पहिला खंड १८७७ साली छापला. १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं ते मात्र वायूंची घनता मोजल्याबद्दल आणि त्यातून सापडलेल्या अरगॉनबद्दल. ज्यांनी हवेचं वजन इतक्या काटेकोरपणे केलं त्यांचंच नाव हवेच्या अडथळ्याला चिकटलं, हे मला फार आवडतं. कापड बनवणारे कारखाने आजही आपल्या जाळीदार कापडाचा दर्जा याच एककात सांगतात.

पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या गर्दीत एका जिन्याखाली दुरुस्तीचं एक टेबल आहे. दुकान म्हणावं इतकं ते मोठं नाही. तिथे बसणारे काका रेडिओच्या काळापासूनचे. एका दुपारी मी तिथे उभा असताना कॉलेजातला एक मुलगा आला. हातात मोकळ्या पाठीचा हेडफोन.

“काका, डावीकडे खालच्या सुराला फरफर येते.”

काकांनी तो कानाला लावला नाही. आधी मुलाच्या डोक्याकडे बघितलं. खांद्यापर्यंत केस, तेल लावून बसवलेले. मग गादी काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने फोम बाजूला केला. पडद्यावर एक केस आडवा पडला होता. एक टोक सुरकुत्यांत अडकलेलं, दुसरं तारेच्या वेटोळ्याला टेकलेलं. पडदा जोरात हलला की त्या केसावर आपटायचा. मोठ्या सुरात लक्षात आलं नसतं. तानपुरा आणि आलाप ऐकायला घेतला की कर्कश. काकांनी केस उचलून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवला.

“हे बघ तुझं डिस्टॉर्शन.”

मुलगा हसला. मग धीर येऊन म्हणाला, “काका, मागचा तो कागद काढून टाकू का? मित्र म्हणतो, बेस वाढतो.”

“वाढतो की. काढ. मग महिन्याने परत माझ्याकडे येशील आणि म्हणशील, काका, तबला आणि बायाँ एकच ऐकू येतोय.”

मग त्यांनी जे केलं ते मी जवळून बघितलं. ड्रायव्हरच्या पाठीवरच्या कागदी कड्याच्या अर्ध्या भागावर त्यांनी सेलोटेपचा तुकडा लावला. मुलाला म्हणाले, ऐक. त्याने ऐकलं. खर्ज पातळ झाला, एकदम कोरडा. मग टेप काढली आणि कड्याची एक कड चिमट्याने अगदी किंचित उचलून धरली, फाडली नाही. “आता?” मुलाचा चेहरा खुलला. मग काकांनी बायाँची एक सलग घसीट लावली आणि मुलगा स्वतःच म्हणाला, “पसरट वाटतंय.” काकांनी कड परत दाबून बसवली आणि केस काढल्याचे तेवढे पैसे घेतले.

ब्रुकलिनच्या ग्राडो कुटुंबाच्या हेडफोनांवर हा प्रयोग जगभर होतो. १९५३ साली जोसेफ ग्राडो यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिज बनवायला सुरुवात केली, मग सनसेट पार्कमधल्या घरच्या फळांच्या दुकानात कारखाना थाटला. हेडफोन पुढे नव्वदच्या दशकात आले. त्यांच्या ड्रायव्हरच्या पाठीला बारीक भोकं असतात आणि ती झाकलेली असतात. हौशी लोक टाचणी घेऊन त्या झाकणाला टोचतात. टोचलं की अडथळा कमी होतो, खर्ज उसळतो, आणि माणूस आपण कंपनीपेक्षा शहाणे असल्याच्या आनंदात दोन दिवस काढतो. काहींना तो आवाज खरंच आवडतो, आणि आवडीवर वाद घालू नये. पण आवाज बदलणं आणि सुधारणं यांत फरक आहे. टाचणी बदलते.

या सगळ्यात मला आठवण येते ती तंबोऱ्याच्या जवारीची. मिरजेला सतारमेकर मंडळी भोपळा निवडण्यात, तुण आणि सागाच्या लाकडात, घोडी घासण्यात आयुष्य घालवतात. आणि तो तंबोरा बोलतो की नाही हे शेवटी ठरतं घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या नाहीतर रेशमाच्या इवल्याशा दोऱ्यावर. दोरा केसभर पुढे, तंबोरा मुका. केसभर मागे, नुसता झणझणाट. मैफलीआधी गायक पंधरा मिनिटं त्या दोऱ्याशी झटतो आणि श्रोते चुळबुळतात. हेडफोन बनवणाऱ्यालाही तीच अडचण. फक्त त्याचा दोरा कायमचा चिकटवलेला असतो आणि घेणाऱ्याने तो सरकवायचा नसतो.

चिंध्या आणखीही असतात, पण सगळ्यांचं काम एक नाही. कपाच्या आतल्या भिंतीला फोम किंवा लोकरीचा दाबलेला फेल्ट लावलेला दिसतो. हौशी मंडळी त्यात कापूसही कोंबतात. लोकांना वाटतं, मऊ वस्तू भरली म्हणजे सगळा आवाज मऊ होतो. तसं होत नाही. भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलतच नाही, ती नुसती दाबली जाते. आणि न हलणारी हवा घासणार कशी? घासायला हवं तर मऊ थराची जाडी लाटेच्या लांबीच्या मानाने बरी असावी लागते. खोलीतल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या जवळपास, १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटरची. कपाच्या चारपाच सेंटिमीटरच्या जागेत खर्जाची लाट मावतही नाही. तिथे हवा नुसती आतबाहेर ढकलली जाते. पाच मिलिमीटरचा फोम भिंतीला लावून खर्ज बदलेल ही आशा म्हणून फुकट. वरच्या, सळसळत्या आवाजांना मात्र तो पकडतो, आणि जाळीच्या आतून परतणारे बारीक प्रतिध्वनी त्याने कमी होतात. खर्जाला धरायचं तर कापड हवेच्या वाटेतच आडवं लावायला हवं, जिथून हवेचा प्रत्येक झोत जायलाच हवा.

मोठ्या खोलीत हा हिशोब वेगळा लागतो. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या शब्दांवर चढायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मांडल्या, वेळ मोजली, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. रात्रीमागून रात्री. सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्या वाहून घातला गेला. तिथे गाद्यांना काम होतं कारण खोली मोठी होती आणि आवाज भिंतींवर शेकडो वेळा आपटत होता. हेडफोनच्या कपात ती चैन नाही.

कधीकधी चिंधी पुरत नाही आणि पोकळीच कामाला लावावी लागते. सेनहायझरचा एचडी ८०० हा २००९ सालचा, ५६ मिलिमीटरच्या कडंवजा पडद्याचा. ऐकणाऱ्याला हॉलमध्ये बसवणारा, पण ६,००० हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज असा उसळी मारायचा की व्हायोलिनची धार कानाला बोचावी. हौशी लोकांनी आत फेल्टचे तुकडे लावून ते कमी केलं. पुढच्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीने पडद्याच्या मधल्या रिकाम्या जागेत एक छोटी पोकळी बसवली. हिची स्वतःची कंपनसंख्या त्याच सुराशी जुळवलेली, म्हणजे तो सूर आला की पोकळी स्वतः हलते आणि त्याची ताकद गिळून टाकते. तत्त्व जुनं, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात गोल भांड्यांच्या तोंडांतून सूर ओळखून दाखवले होते. मला हा उपाय फेल्टपेक्षा सरस वाटतो, कारण तो फक्त गुन्हेगाराला पकडतो, सगळ्या मोहल्ल्याला नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जपानच्या फॉस्टेक्सचा टी५० आरपी. सपाट पडदा, कपाला बारीक फटी, फटींमागे आतून फेल्ट, ड्रायव्हरच्या पाठीवर पांढरं कापड. धड मोकळा नाही, धड बंद नाही. जगातले उचापती लोक याच्यावर तुटून पडतात: कपाला आतून चिकणमाती थापून तो जड करतात, कापूस भरतात, फटींवर टेप लावतात, पांढऱ्या कापडावर आणखी कापड. माती थापण्यात अर्थ आहे, कारण हलकं प्लास्टिक स्वतः थरथरतं आणि जड झालं की कमी थरथरतं. बाकीचे बदल मात्र एकमेकांना छेदतात. फट बुजवली की मागची हवा पुन्हा स्प्रिंग होते, आणि मग कापडाचा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. एकाच वेळी तीन गोष्टी बदलणाऱ्याला कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

आपल्याकडे मोकळ्या हेडफोनांचा संसार थोडा कठीणच. मे महिन्यात पंख्याखाली बसून मंद आलाप ऐकायचा म्हणजे पंखाही मैफलीत बसतो. शेजारच्या कुकरची शिट्टी समेवर येईलच याची खात्री नाही. लोकलमध्ये तर हा हेडफोन लावणं म्हणजे शेजारच्या प्रवाशावर आपली आवड लादणं. पण घरात एकत्र राहणाऱ्यांसाठी मला हाच सोयीचा वाटतो. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येते. कान घामेजत नाहीत. आणि बंद हेडफोनात डोक्याभोवती जो दाब वाटतो तो नसतो. दोनतीन तास ऐकणाऱ्याला हे फायदे खर्जापेक्षा मोठे वाटतात, मला तरी वाटतात.

खरा शत्रू आहे पावसाळा. आतला फोम बहुतेक पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट, उबदार हवेत त्याची साखळी पाण्याने हळूहळू तुटते. आधी चिकट होतो, मग बोट लावलं की काळी भुकटी. ही भुकटी बरोबर पडद्यावर पडते. गल्फहून आलेल्या वॉकमनच्या टिकल्या कोकणातल्या घरात तीनचार पावसाळ्यांत विरून गेल्या, ते हेच. एचडी ४१४ च्या पिवळ्या गाद्यांचंही जगभर तेच झालं. लोकरीचा फेल्ट टिकतो, पण त्याला कसर लागते. रेशमी आणि नायलॉनच्या जाळ्या सगळ्यात टिकाऊ, फक्त त्यांच्यावर खोबरेल तेलाचा हात लागू देऊ नये. तेलाने छिद्रं भरली की घासायला जागा उरत नाही आणि त्या बाजूचा खर्ज दबतो. उजवी-डावी बाजू वेगळी ऐकू येऊ लागली की लोक ड्रायव्हर गेला म्हणतात. पुष्कळदा ड्रायव्हर ठणठणीत असतो, कापड बुजलेलं असतं.

तेव्हा हेडफोन वापरणाऱ्यांनो, एवढं करा. केसांना तेल असेल त्या दिवशी मोकळा हेडफोन लावू नका. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, बुटांच्या खोक्यातली चालते, अधूनमधून ती उन्हात वाळवा. गादीखालचा पातळ फोम भुगा व्हायच्या आधी बदला. तो केस आणि धूळ अडवायला असतो, आणि वरच्या आवाजांनाही थोडा आवर घालतो, म्हणून तो काढून टाकून ऐकू नका. पाठीच्या कापडाशी खेळायचंच असेल तर टाचणी घेऊ नका, टेप घ्या. टेप निघते. आणि या सगळ्याआधी जुन्या झालेल्या कानाच्या गाद्या बदलून बघा. त्या दबून चपट्या झाल्या की पडदा कानाच्या जवळ येतो, हवा कडेने निसटते आणि सगळा हिशोब बिघडतो. हेडफोनचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही, अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा नव्या गाद्यांनीच मिटतात.